दक्षिणा, दौलत आणि शिरड शहापूरची पंगत

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे गाव मराठी साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असण्याचे तसे काही कारण नाही. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव जैन समाजाला मल्लिनाथाच्या मंदिरामुळे माहीत आहे आणि पंचक्रोशीला सारंगस्वामींच्या यात्रेमुळे. संक्रांतीच्या सुमारास ही यात्रा भरते, आणि तिचा प्रसाद म्हणजे भाजी-भाकरी. ज्याच्या शेतात जे पिकले असेल ते आसपासच्या गावांतून येते, घरोघरच्या चुलींवरच्या भाकरी येतात, सगळ्या भाज्या एकत्र शिजतात आणि पंगत बसते. आम्ही काही अध्यापक मित्र एका वर्षी त्या पंगतीला होतो. एवढ्या माणसांच्या जेवणाचा खर्च कोण करतो, असे आमच्यातल्या एकाने शेजारच्या वयस्क शेतकऱ्याला सहज विचारले. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "खर्च कुठला आला, सर? ज्याची त्याची भाजी हाय."

परतीच्या वाटेवर गाडीतून दिसणाऱ्या गावांकडे आमचे लक्ष त्या उत्तरामुळे निराळ्या रीतीने गेले. मराठवाड्यात आज क्वचितच असे गाव सापडेल की जिथे देवळापुढे सिमेंटचा सभामंडप नाही, आणि क्वचितच असा सभामंडप की ज्याच्या दर्शनी भागावर कोणत्या निधीतून आणि कोणाच्या प्रयत्नाने तो उभा राहिला याचा फलक नाही. गाभाऱ्यातल्या देवाचे नाव शोधावे लागते. लोकप्रतिनिधीचे नाव रस्त्यावरून वाचता येते. पंगतीतल्या भाजीवर कोणाचे नाव नव्हते. ह्या दोन दृश्यांमधले अंतर हाच आजच्या लेखाचा विषय आहे: सार्वजनिक पैसा धर्मकार्यासाठी वापरावा काय, आणि वापरल्यास त्यातून धर्माचे, राज्याचे आणि आमच्यासारख्या साहित्याच्या मंडळींचे काय होते?

प्रश्न जुना असला तरी गेल्या काही वर्षांत तो अधिक उघडपणे समोर आला आहे. २०२४ च्या आषाढी वारीपूर्वी राज्य शासनाने वारीत सहभागी होणाऱ्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ज्येष्ठ नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. ६ मे २०२५ रोजी अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त त्यांच्या जन्मगावी, चौंडीला, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, त्र्यंबकेश्वर, जोतिबा, अष्टविनायक व स्वतः चौंडी यांच्या विकासासाठी एकूण सुमारे ५,५०३ कोटी रुपयांच्या आराखड्यांना मान्यता मिळाली. ह्या निर्णयांवर फारशी चर्चा झाली नाही. उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य वक्फ मंडळाच्या बळकटीकरणासाठी १० कोटी रुपये देणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. वक्फ मंडळ हे कायद्याने स्थापन झालेले मंडळ आहे आणि दिंडी ही भाविकांची स्वेच्छेची संघटना आहे, हा फरक त्या गदारोळात कोणी विचारात घेतला नाही. धर्मासाठी सरकारी पैसा असावा की नसावा, ह्या प्रश्नाची जागा कोणत्या धर्मासाठी असावा ह्या प्रश्नाने घेतली आहे. आम्हांस ही अवस्था अधिक चिंतेची वाटते, कारण दुसऱ्या प्रश्नाला तत्त्वाचे उत्तर नसते, केवळ संख्याबळाचे असते.

कायद्याकडे वळावे तर तेथेही सरळ रेषा नाही. भारतीय संविधानाने अमेरिकेसारखी धर्म आणि राज्य यांच्यात भिंत उभी केलेली नाही. २७ व्या अनुच्छेदाने एवढेच सांगितले आहे, की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखून ठेवलेले असेल, असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. सर्वसाधारण तिजोरीतून धर्मकार्यावर खर्च झाला तर काय, ह्यावर हा अनुच्छेद जवळजवळ मौन आहे. किंबहुना देवस्थान निधींसाठी केरळ आणि तामिळनाडू यांनी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी अशी तरतूद २९०-अ ह्या अनुच्छेदाने संविधानातच आहे. हज यात्रेच्या अनुदानाला आव्हान देणाऱ्या प्रफुल्ल गोराडिया यांच्या याचिकेवर २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच २७ व्या अनुच्छेदाचा भंग होईल. अल्पसा हिस्सा गेला तर होणार नाही. म्हणजे न्यायालयात हा प्रश्न प्रमाणाचा झाला. औचित्याचा प्रश्न मात्र तसाच उरला, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा आपल्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी आहे, असे आमचे मत आहे.

चौंडीपासूनच आरंभ करू. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ अशा कितीतरी ठिकाणी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. औंढ्याच्या नागनाथाच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. त्यांचे नाव घेऊन तीर्थक्षेत्रांसाठी कोट्यवधींचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी एका गोष्टीचे स्मरण ठेवायला हवे होते. होळकरांच्या कारभारात 'खासगी' आणि 'दौलत' अशी दोन खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, फौजफाटा आणि कारभार. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावे असलेले स्वतंत्र उत्पन्न. अहिल्याबाईंचा दानधर्म झाला तो ह्या खासगीतून. खासगी म्हणजे तरी शेवटी जहागिरीचेच उत्पन्न, रयतेच्याच घामाचे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. अठराव्या शतकातील राज्यकर्त्यांकडून आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्षतेची अपेक्षा करणे अनैतिहासिक ठरेल. पण आपल्या श्रद्धेचा खर्च आपल्या खात्यातून व्हावा आणि राज्याच्या खात्यातून होऊ नये, एवढा विवेक त्या कारभारात होता. आजच्या मंत्र्यांना स्वतःच्या पैशाने देऊळ बांधण्यास कोणीही अडवलेले नाही. अडचण अशी, की आपल्याकडे आता खासगी उरलेली नाही; सर्व पुण्यकर्म दौलतीतूनच चालले आहे, आणि फलक मात्र खासगी नावाचे लागतात.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्यात घडले. मराठी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते माहीत करून घ्यावे, कारण आपल्या आधुनिक गद्याच्या जन्माशी त्याचा थेट संबंध आहे. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली होती. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यावर पेशव्यांनी ती पुण्यास आणली. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण जमू लागले, खर्च लाखांच्या घरात गेला, आणि विद्वत्तेचा निकष हळूहळू मागे पडून जातीचा तेवढा उरला. १८१८ मध्ये पेशवाई गेली; दक्षिणा गेली नाही. पुण्यातला असंतोष वाढू नये म्हणून एल्फिन्स्टनने ती कमी प्रमाणात चालू ठेवली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही ह्याच निधीतून झाला. राज्यकर्ता बदलला, त्याचा धर्म बदलला, तरी धर्मकार्यावरचा खर्च चालू राहिला. नव्या राज्यकर्त्याचा हेतू भक्तीचा नव्हता, शांतता विकत घेण्याचा होता. सरकारी दानाच्या इतिहासात हा हेतू पुन्हा पुन्हा भेटतो, आणि आजच्या निवडणुकांच्या वेळापत्रकाशी ज्याची ओळख आहे त्याला तो ओळखता येईल.

१८४९ मध्ये पुण्यातील काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांचे अग्रणी होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, ज्यांची शतपत्रे ह्याच सुमारास 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध होत होती. दक्षिणा निधीचा एक भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिके देण्यासाठी वापरावा, आणि ह्या पारितोषिकांना जातीचे बंधन नसावे, अशी त्यांची मागणी होती. पुण्यातील सनातनी मंडळी खवळली. अर्ज करणाऱ्यांवर हल्ला होईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी श्रमिकांना सोबत घेऊन त्यांचे संरक्षण केले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. अर्ज सादर झाला, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली.

ह्या घटनेचे मर्म आम्हांस असे दिसते. सुधारकांनी निधी बंद करा असे म्हटले नाही. तिजोरीतला पैसा एका जातीच्या पुण्यासाठी आहे की सर्वांच्या विद्येसाठी, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि पैशाची दिशा बदलण्याची मागणी केली. रमण्यातली दक्षिणा ज्याला मिळाली त्याच्यापाशीच संपत होती. पारितोषिकाने लिहिलेले पुस्तक ज्याला वाचता येते त्या कोणाचेही होते. पुढे ह्याच निधीतून दक्षिणा फेलोशिपही दिल्या गेल्या; न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. फुल्यांच्या शाळांसही ह्या निधीतून काही साहाय्य मिळाले. श्रावणातल्या दानाचे रूपांतर ग्रंथांत, शिष्यवृत्त्यांत आणि शाळांत झाले. धर्मासाठी राखलेल्या सार्वजनिक पैशाचे एवढे सुंदर धर्मांतर आमच्या माहितीत दुसरे नाही.

तथापि कथा इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग अधिक बोचणारा आहे. १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका भोळ्या शेतकरी जोडप्याला जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर लोकांच्या पैशावर चालणाऱ्या धर्मव्यवहाराचीच ती चिकित्सा होती. जोतीरावांनी नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले, आणि कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे असे घडले, हे त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद करून ठेवले. नाटक त्यानंतर सव्वाशे वर्षे जवळजवळ अंधारात राहिले. १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक'मधून ते वाचकांपुढे आले. ज्या माणसाने निधीची दारे उघडण्यासाठी अर्जदारांना संरक्षण दिले, त्याच्यासाठीच ती दारे बंद झाली. निधीचे नाव बदलले होते, उद्देश बदलला होता, नियमही बदलले होते. खुर्चीवरची माणसे तीच होती.

मराठी नाटकाच्या इतिहासाचा आरंभ कोठून धरावा ह्यावर आपल्या वर्गांतून अजूनही चर्चा होते. 'तृतीय रत्न' वेळेवर छापले गेले असते, तर ती चर्चा कदाचित निराळ्या पायावर झाली असती. सार्वजनिक पैसा कोणाच्या हाती आहे ह्याचा परिणाम साहित्याच्या इतिहासावर असा होतो. आपण शिकवतो तो इतिहास ग्रंथांचा असतो. पण त्यामागे न छापलेल्या ग्रंथांचाही एक इतिहास आहे, आणि त्याची किल्ली बहुधा कोणत्या तरी समितीपाशी असते.

मग धर्माशी संबंध असलेल्या कशावरही सरकारने एक पैसाही खर्च करू नये, असे आमचे म्हणणे आहे काय? तसे म्हटले तर मराठीच्या अध्यापकाला आपल्या कपाटातील निम्मी पुस्तके परत करावी लागतील. तुकारामांच्या गाथेची 'इंदुप्रकाश' छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेली आवृत्ती आठवा. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती संपादित केली, आणि मुंबई सरकारने तीसाठी २४,००० रुपये दिले होते. शंभर वर्षांनंतर, १९७० मध्ये, महाराष्ट्र शासनाने नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने त्यांच्या गाथेची शासकीय प्रत प्रसिद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला ज्यांनी अनुदाने दिली, त्यांत हैदराबादचा निजामही होता. शिरड शहापूर, औंढा, नर्सी हा सगळा प्रदेश तेव्हा त्याच्याच राज्यात होता. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा एखादा कण महाभारताच्या पाठभेदांपर्यंत पोहोचला असेल, ही कल्पना आम्हांस मोठी सुखावह वाटते.

तेव्हा भेद धर्म आणि धर्मेतर असा सरळ करता येत नाही. आम्ही तो निराळ्या ठिकाणी करू इच्छितो. सार्वजनिक पैशाने जे उभे राहते त्याच्याशी श्रद्धा नसलेल्या, किंवा निराळी श्रद्धा असलेल्या करदात्याचे नाते काय राहते, हे पाहावे. गाथेच्या संपादित प्रतीपुढे नास्तिक बसू शकतो, मुसलमान बसू शकतो, ख्रिस्ती मिशनरी बसू शकतो. तिच्यातला पाठ चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार त्या प्रत्येकाला आहे आणि पुरावा दिल्यास संपादकाला तो मान्य करावा लागतो. औंढ्याच्या मंदिराच्या भिंतींवरील प्राचीन शिल्पांचे जतन हेही ह्याच वर्गातले. ती पाहायला भक्त असावे लागत नाही. यात्रेकरूंसाठी पाणी, रस्ता, शौचालय, दवाखाना यांनाही आमचा विरोध नाही. कारण तहान लागलेल्या माणसाला सरकारने तो कोठे चालला आहे हे विचारता कामा नये. परंतु पूजेचा खर्च, दिंडीचे अनुदान, कीर्तन महोत्सवाचा मंडप ह्या गोष्टी श्रद्धावानासाठीच असतात. तेथे असहमत करदात्याला जागा नाही. त्याचा पैसा आत जातो आणि तो बाहेर उभा राहतो. अभ्यासाला, जतनाला आणि माणसाच्या गरजेला पैसा द्यावा. उपासनेला देऊ नये. रेषा पुसट आहे हे आम्हांस मान्य आहे, पण पुसट रेषाही रेषाच असते.

ह्यावर तीन आक्षेप गंभीरपणे घेतले जातात. पहिला असा, की वारकरी गरीब आहे. मोठ्या उद्योगांना सवलती देणाऱ्या सरकारने त्याला २०,००० रुपये दिले तर बिघडले कोठे? गरिबाला मदत जरूर द्यावी. पण ती तो कोरडवाहू शेतकरी आहे म्हणून द्यावी, त्याच्या पिकाला भाव नाही म्हणून द्यावी. तो वारीला जातो म्हणून दिली, तर वारीला न जाणारा तितकाच गरीब शेजारी कशाला मुकला? शिवाय रक्कम माणसाला मिळत नाही, दिंडीला मिळते. दिंडी म्हटली की नोंदणी आली, नोंदणी आली की यादी आली, आणि यादी म्हटली की ती करणारा आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकार मंदिरांचा कारभार आपल्या हाती घेते, मग द्यायला काय हरकत? पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा कायदा आहे, सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा. तेथील समित्यांवर शासनाची माणसे असतात. पंढरपुरात बडव्यांच्या वंशपरंपरागत हक्कांविरुद्धचा लढा न्याय्यच होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर अखेरची मोहोर उमटवली. पण वंशपरंपरेच्या जागी राजकीय नेमणूक येणे ही त्या लढ्याची पूर्तता नव्हे. दारे एका दिशेने मोडली आहेत म्हणून दुसऱ्या दिशेनेही मोडावीत, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. हिशेब तपासण्याचा, भक्तांमध्ये भेदभाव होऊ न देण्याचा अधिकार राज्याला असावा. विश्वस्तपदे वाटण्याचा नसावा.

तिसरा आक्षेप आमच्याच एका सहकाऱ्याने घेतला. तो म्हणाला, गावातला सभामंडप हा केवळ देवाचा नसतो. त्यात लग्ने होतात, ग्रामसभा होते, पावसाळ्यात शाळा भरते. हे खरे आहे, आणि सरकारी कागदांवर त्याचे नाव बहुधा 'सामाजिक सभागृह' असेच असते. आम्ही त्याला इतकेच विचारले, की मग ते सभागृह शाळेच्या किंवा वाचनालयाच्या आवारात का बांधले जात नाही? गावातल्या ज्यांना त्या देवळाच्या पायरीवर आजही संकोच वाटतो, ते ग्रामसभेला तिथे कसे येतील? खासदारांच्या स्थानिक विकास निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळांच्या आतील कामांना मनाई आहे. नियम करणाऱ्यांना हा धोका कळला होता, असा त्याचा अर्थ. सहकारी काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "वाचनालयापुढे मंडप मागायला कोण येतं?" ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तो प्रश्न साहित्याच्या माणसांना लागू आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. योगायोगाने तीर्थक्षेत्रांनाही ब आणि क असे वर्ग आहेत. देवळाचा वर्ग भाविकांच्या संख्येवर ठरतो, ग्रंथालयाचा पुस्तकांवर आणि वाचकांवर. एक वर्ग मिळावा म्हणून गाव मोर्चा काढते. दुसरा गेला तर गावाला कळतही नाही. लोकहितवादींच्या पिढीने रमण्यातला पैसा ग्रंथांकडे वळवला. आपल्या डोळ्यांदेखत प्रवाह उलट वळतो आहे, आणि त्याविरुद्ध अर्ज करायला आपण पुढे आलेलो नाही. उलट शासनाच्या पुरस्कारांची, समित्यांची, संमेलनांच्या अनुदानांची अपेक्षा आपल्यालाही असते. ज्याचा हात स्वतः पुढे आहे, त्याने दिंडीच्या हाताकडे बोट कसे दाखवावे? हा दोष आम्ही स्वतःपासून मोजतो.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सरकारी पैशाने अधिक नुकसान कोणाचे होते? राज्याचे होतेच, पण धर्माचे त्याहून अधिक होते, आणि हे सर्वप्रथम श्रद्धावानांनीच ओळखलेले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनियात ख्रिस्ती धर्मशिक्षकांना करातून वेतन देण्याचा ठराव आला, तेव्हा १७८५ मध्ये जेम्स मॅडिसनने त्याविरुद्ध निवेदन लिहिले, आणि बॅप्टिस्ट पंथाचे भाविक मोठ्या संख्येने विरोधात उभे राहिले. राजाश्रयाच्या धर्मपीठाखाली त्यांनी तुरुंगवास भोगला होता; सरकारी पैशामागून सरकारी हुकूम येतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडे २०१२ मध्ये हज अनुदान दहा वर्षांत संपवावे असा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने कुराणाचाच आधार घेतला होता: ज्याला ऐपत आहे त्यानेच हे कर्तव्य करावे अशी त्या धर्माची शिकवण आहे. २०१८ मध्ये ते अनुदान बंद झाले. जो न्याय हजला लावला तो वारीला लावायचा नाही, असे म्हणणाऱ्याला त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

वारीचे तर हे अधिकच खरे आहे. ती स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या शिदोरीवर चालत आली, हेच तिचे तेज. वाटेवरच्या गावांनी भाकरी वाढली ती यादी पाहून नव्हे. तुकारामांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठवला, ही कथा परंपरेने जपली आहे. ती घडली की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. ती जपावीशी वाटली ह्याचे मोल आम्हांस अधिक वाटते. ज्या संप्रदायाला आपल्या संताने नकार दिला ह्याचा अभिमान शतकानुशतके वाटला, त्याला अनुदानाचा धनादेश देताना शासनाने थोडे थांबायला हवे होते, आणि घेणाऱ्यांनीही.

शिरड शहापूरहून औंढा जवळच आहे. तिथल्या मंदिराची आख्यायिका महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेव मंदिरापुढे कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितले. ते गेले आणि तिथे गाऊ लागले, तेव्हा मंदिरच त्यांच्या दिशेने फिरले, असे सांगतात. वास्तुशास्त्राचा अभ्यासक तिचे स्पष्टीकरण निराळे देईल. आम्हांस त्या कथेत एक जुना विवेक दिसतो. समोरची जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्याकडे अधिकार होता, उत्पन्न होते, राजाश्रय होता. मागे गेलेल्या माणसापाशी फक्त गाणे होते. लोकांनी आपल्या कथेत देऊळ कोणाकडे वळवले, हे पाहण्यासारखे आहे.

ह्याच जिल्ह्यातील नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानतात आणि तिथेही आज विकासाच्या योजनांची चर्चा असते. रस्ते व्हावेत, नदीकाठ स्वच्छ व्हावा, दूर पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूला निवारा मिळावा. ह्याला कोणाचा विरोध असणार? पण नामदेवांसाठी शासनाने केलेले सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही १९७० ची गाथेची प्रत दाखवू. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन ती तिथे आहे काय एवढे पाहून यावे. नसेल तर ती मागणारा एक अर्ज लिहावा. १८४९ चा अर्जही काही थोड्या माणसांनीच लिहिला होता.